शिलाई मशीनचा भाव दुकानात पाऊल ठेवल्याशिवाय कळतच नाही का? (कोल्हापूर)

सुईदोरा, राजारामपुरी:

नमस्कार. मी घरीच ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. काम वाढल्यामुळे पायमशीनऐवजी मोटरवर चालणारे एका सुईचे मोठे मशीन घ्यायचे ठरवले आहे. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे ज्याला सरसकट 'जुकी' म्हणतात, ते. मॉडेल ठरले आहे, अडले आहे ते भावापाशी. कंपनीच्या संकेतस्थळावर मशीनचे चित्र, वेग, टाक्याची लांबी असे सगळे तपशील असतात आणि किमतीच्या जागी मात्र 'जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधा' एवढेच लिहिलेले असते. विक्रेत्याला फोन करावा, तर 'ताई, दुकानात या, भावाचं बघू' असे उत्तर मिळते. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात गेले, तेव्हा आधी मलाच 'बजेट किती आहे?' असे विचारण्यात आले आणि मी आकडा सांगितल्यावर जो भाव निघाला, तो त्या आकड्याहून जेमतेम पाचशे रुपयांनी जास्त होता! शाहूपुरीतल्या दुसऱ्या दुकानाने बराच कमी भाव सांगितला, पण खोदून विचारल्यावर तो नुसत्या हेडचा, म्हणजे टेबल, स्टँड आणि मोटर सोडून वरच्या शिवणाऱ्या भागाचा असल्याचे कळले आणि पक्के बिल मागताच तोही वाढला.

विक्रेत्यावर किंमत लावण्याचे बंधन नाही का? आणि दोन दुकानांच्या भावांची तुलना नेमकी कशाच्या आधारे करायची?

जुना मिस्त्री:

ताई, मी मशीन दुरुस्तीचे काम करतो, विक्री करत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. तुम्ही घेणार आहात ते मशीन मुळात एक वस्तू नाही. कंपनीकडून येते ते हेड. त्याखालचे टेबल आणि लोखंडी स्टँड बहुतेक वेळा वेगळ्या ठिकाणचे असते, मोटर कधी कंपनीची तर कधी दुसऱ्याच कोणाची असते आणि दुकानदार हे सगळे जुळवून 'सेट' विकतो. कोणत्या हेडखाली काय बसवायचे हे त्याच्या हातात असल्यामुळे भाव कमी-जास्त करण्याची खरी जागा हेडमध्ये नसून खालच्या सामानात असते. म्हणून नुसता 'सेट कितीला?' असा प्रश्न विचारू नये. हेड, टेबल-स्टँड, मोटर, घरपोच वाहतूक आणि जोडणी यांचे वेगवेगळे आकडे कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर मागावेत आणि मगच दोन दुकाने शेजारी ठेवून पाहावीत.

मोटरकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या पद्धतीची क्लच मोटर बटण चालू केल्यापासून सतत फिरत राहते, तुम्ही शिवत असा वा नसा. सर्वो मोटर पायपट्टी दाबल्यावरच फिरते, आवाज कमी करते, वीज कमी घेते आणि वेगही हवा तसा ठेवता येतो. घरात शिवणाऱ्या बाईने सर्वोच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त सेटमध्ये पुष्कळदा क्लच मोटर लावलेली असते आणि भाव ऐकताना ते कोणी सांगत नाही. टेबलाची फळी प्लायवूडची आहे की भुशाची, हे कडेला वाकून पाहावे, कारण भुशाच्या फळीत स्क्रू फार काळ धरत नाहीत.

दुकानात मशीन चालवून दाखवायला सांगाच. हेडच्या वर छोटी काच असते. मशीन वेगात चालू असताना त्या काचेत तेल उडताना दिसले पाहिजे. तेल दिसत नसेल तर खालच्या तबकात तेलच भरलेले नाही किंवा पंप तेल वर चढवत नाही. शिवून पाहायला दुकानातला कडक कापडाचा तुकडा घेऊ नये, त्यावर कोणतेही मशीन चांगलेच शिवते. घरून जॉर्जेट आणि अस्तर लावलेल्या ब्लाउजपीसचे तुकडे न्यावेत.

ग्राहक_कोल्हापूर:

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. किरकोळ विक्रीसाठी बांधलेल्या वस्तूवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बंधनकारक आहे. घरगुती मशीन खोक्यात येते, तेव्हा खोक्यावर ही किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. औद्योगिक ग्राहकांसाठीच्या मालाला मात्र या नियमांतून सूट आहे आणि मोठ्या मशीनच्या हेडवर पुष्कळदा किंमत दिसत नाही, ती याच आडोशाने. छापील किंमत असली, तरी ती वरची मर्यादा असते. त्याखाली किती उतरायचे हे दुकानदार ठरवतो, म्हणून 'छापील किमतीवर एवढी सूट' या भाषेला फारसा अर्थ नसतो.

'बिलाशिवाय स्वस्त' हा प्रस्ताव स्वीकारू नये. बिल देण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी तुमच्या हातात काहीच राहत नाही. शिलाई मशीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कराच्या नावाखाली कोणी मोठी रक्कम वाढवून सांगत असेल तर टक्केवारी विचारावी. बिलावर हेडचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. आपण धंद्यासाठी मशीन घेतो म्हणून आपण ग्राहक ठरत नाही, हा समज चुकीचा आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. गरज पडल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही.

काउंटरच्या_आतून:

मी या व्यवसायात आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. भाव फोनवर सांगितला की तो पाच मिनिटांत शेजारच्या दुकानात पोहोचतो, तिथून दोनशे रुपये कमी होतात आणि महिनाभराने टाका सुटायला लागला की तेच गिऱ्हाईक माझ्याकडे येते. मशीन दाखवणे, शिकवणे, घरी येऊन बसवणे हे सारे त्या भावातच धरलेले असते. तरीही बजेट विचारून भाव लावण्याची पद्धत मला मान्य नाही. तिच्यामुळे सरळ धंदा करणारेही संशयात येतात.

सुईदोरा:

सर्वांचे आभार. काउंटरच्या आतून लिहिणाऱ्या दादांचे म्हणणे समजते, पण मग सेवेचा आकडा वेगळा सांगावा, तो द्यायला माझी हरकत नाही. तपशीलवार भाव मी दोन्हीकडे लिहून मागितला आहे. एका दुकानाने लगेच पाठवला, त्यात खरोखरच क्लच मोटर निघाली. दुसऱ्याने 'दुकानात या' एवढेच कळवले. आणखी एक शंका आहे. जुने पायमशीन बदल्यात दिल्यास चांगली सूट देऊ, असे पहिला विक्रेता म्हणतो. द्यावे का?

जुना मिस्त्री:

आधी बदलीचा विषय न काढता नव्या मशीनचा शेवटचा भाव लिहून घ्या आणि मगच जुने मशीन देऊन किती होतील ते विचारा. दोन आकड्यांतला फरक तीच तुमच्या मशीनची त्यांनी धरलेली किंमत. बहुधा ती भंगाराच्या भावाच्या आसपास निघेल. हातचाक मोकळे फिरत असेल आणि शटल (खालच्या बॉबिनचा दोरा वरच्या दोऱ्यात अडकवणारा भाग) घासलेले नसेल, तर देऊ नका. वीज गेल्यावर हुक-बटणाच्या पट्ट्या त्यावरच होतील.