मदत हवी आहे: शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, एकच दिवस आणि सोबत बाबा

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही भावाकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला जातोय. मी, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि बाबा. बाबा 74 वर्षांचे आहेत. साताऱ्याकडच्या एका हायस्कुलात ते चित्रकलेचे शिक्षक होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्याकडे एक जुनं पुस्तक आहे. त्यात जॉर्ज स्यूराचं नदीकाठच्या रविवारचं चित्र छापलंय, पोस्टकार्डाएवढं आणि तेही काळं-पांढरं. ते दाखवून बाबा वर्गात सांगायचे की हे सगळं चित्र ठिपक्यांनी रंगवलंय. पुस्तकात ठिपका एकही दिसायचा नाही. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयात आहे हे कळल्यापासून या प्रवासात त्यांनी दुसरं काहीही मागितलेलं नाही.

माझी काळजी वेगळी आहे. गेल्या वर्षी एका मोठ्या संग्रहालयात आम्ही सगळं बघायचं म्हणून पळत सुटलो आणि दोन तासांत बाबांचे गुडघे सुजले. पुढचा सगळा वेळ ते दाराजवळच्या बाकावर बसून होते आणि त्यांना हवं असलेलं दालन राहूनच गेलं. ते काही बोलले नाहीत, पण मला ते अजून लागून राहिलंय.

भावाला बुधवारी सुट्टी असते, म्हणून बुधवार धरलाय. चार तासांत काय बघावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय सोडावं? मुलगी कंटाळणार नाही असं काही आहे का? ज्यांनी वयस्कर माणसांना नेलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मिशिगनकाठ:
ताई, आधी वार बदला. मंगळवारी आणि बुधवारी ते बंद असतं. गुरुवारी संध्याकाळी आठपर्यंत उघडं असतं, इतर दिवशी पाचला बंद होतं. बाबांसाठी गुरुवारच धरा. दुपारचं जेवण आणि थोडी विश्रांती घरीच झाली की घाई उरत नाही. तरी निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा एकदा बघून घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ज्येष्ठांना आणि इलिनॉयच्या रहिवाशांना सवलत आहे, तेव्हा भावाला ओळखपत्र न्यायला सांगा.

नेपरव्हिलहून मेट्रा गाडीने युनियन स्टेशनला उतरलात की अ‍ॅडम्स स्ट्रीटने सरळ पूर्वेला. रस्ता संपतो तिथेच समोर दोन ब्राँझचे सिंह दिसतील. पण बाबांना एवढं चालवू नका, स्टेशनवरून टॅक्सी करा. गुडघे चित्रांसाठी राखून ठेवा.

आत गेल्यावर व्हीलचेअर घ्या. ती मोफत मिळते. बाबा चालू शकत असले तरी घ्या, कारण खुर्ची सोबत असली की हव्या त्या चित्रासमोर हवा तेवढा वेळ बसता येतं. मी आईला तसंच नेलं होतं.

आता क्रम. पहिल्यांदा स्यूरा, बाकी सगळं नंतर. लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर जा. चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे, हे छापील चित्रावरून लक्षातच येत नाही. आधी लांबून बघू द्या, मग जवळ न्या, मग पुन्हा लांब. कडेने एक ठिपक्यांची रंगीत चौकट आहे, ती स्यूराने नंतर स्वतः रंगवली. शिक्षक आहेत म्हणून आणखी एक सांगते: त्याने वापरलेला झिंक यलो हा पिवळा रंग काही वर्षांतच तपकिरी पडायला लागला. गवतातले मातकट ठिपके मूळचे तसे नाहीत. हे चित्र 1958 साली न्यूयॉर्कला पाठवलं होतं, तेव्हा तिथल्या संग्रहालयात आग लागली. चित्र वाचलं, पण तेव्हापासून ते बाहेर कुठेच पाठवत नाहीत. म्हणजे बघायचं तर शिकागोलाच यावं लागतं.

त्याच मजल्यावर व्हॅन गॉगची झोपायची खोली, मोनेची गव्हाच्या गंजींची चित्रं आणि कायबोतचा पावसातला पॅरिसचा रस्ता आहे. तेवढं पुरे. आधुनिक कलेची नवी इमारत बिनधास्त सोडा. माझ्या मते चार तासांत वीस चित्रं नीट बघितली तर दिवस सार्थकी लागला.

अनुस्वार:
मुलीला तळमजल्याखालच्या थॉर्न मिनिएचर रूम्सकडे न्या. एका फुटाला एक इंच या मापाने केलेल्या 68 खोल्या आहेत, टेबलावरच्या बश्यांसकट. माझा मुलगा तिथून हलेना. भाऊ तिच्यासोबत थांबला तर तुम्ही बाबांजवळ राहू शकाल.

आणि मुख्य जिना चढायचा नसला तरी खाली उभं राहून बघाच. 1893 ची सर्वधर्म परिषद याच इमारतीत भरली होती, विवेकानंद इथेच बोलले. 2010 साली मुंबईचे कलाकार जितीश कल्लाट यांनी ते भाषण याच जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. पलीकडे भारतीय मूर्तींची दालनं आहेत, त्यांच्या खालून रेल्वेचे रूळ जातात.

पेन्सिलने चित्र काढायला परवानगी आहे. रंग मात्र नेऊ नका. मोठी बॅग बाहेर ठेवावी लागते.

धागाकर्ती:
किती आभार मानू! बुधवारचं माझ्या डोक्यातच नव्हतं, दारावरूनच परत आलो असतो. भावाने गुरुवारची रजा टाकली. तिकिटं आज रात्री काढतो.

तुमचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. व्हीलचेअर म्हटल्यावर लगेच म्हणाले, मी काय म्हातारा झालोय का. मग मी सांगितलं की चित्रासमोर तासभर बसायचं असेल तर खुर्ची आपलीच हवी. थोडा वेळ काही बोलले नाहीत. झिंक यलोचा परिच्छेद त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. नंतर कपाटातून स्केचबुक काढलं आणि मला विचारलं, 4बी नेऊ की 6बी?