दोन एसडीआरची (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओंची) फेज जुळत नाही, मदत हवी आहे

तरंगवेडा: दोन्ही युनिटला एकाच क्लॉकवरून रेफरन्स दिलाय, लॉकही दिसतो (म्हणजे युनिटनी रेफरन्स पकडलाय). तरी प्रोग्रॅम बंद करून चालू केला की फेजमधला (लहर चक्रात कुठे आहे त्यातला) फरक बदलतो. मघाशी ४० अंश होता, आता १६०. सिग्नलची दिशा काढायची आहे. तीन रात्री गेल्या, कृपया लवकर सांगा.

अँटेनावाला: युनिट कुठली? फ्रिक्वेन्सी किती? पीपीएस (दर सेकंदाला येणारी पल्स) जोडलाय का?

सरळरेषा: प्रत्येकाला एकेक जीपीएसडीओ (जीपीएसवरून चालणारं अचूक क्लॉक) लावा, विषय संपला. माझं दोन वर्षं उत्तम चाललंय.

अँटेनावाला: नाही संपत. दोन वेगळ्या जीपीएसडीओंच्या पल्समध्ये काही दहा नॅनोसेकंदांचा फरक सहज पडतो. ४३३ मेगाहर्ट्झला २.३ नॅनोसेकंदांतच ३६० अंशांचा फेरा पूर्ण होतो.

सरळरेषा: मी सिग्नल पोचण्याच्या वेळेवरून जागा काढतो. तिथे १० नॅनोसेकंद म्हणजे ३ मीटर, मला पुरतं.

तरंगवेडा: ४३३च आहे! युनिट बी२१० (यूएसबीवर चालणारा एसडीआर). १० मेगाहर्ट्झ आणि पीपीएस दोन्ही जोडलेत. वेळ दोन्हीकडे एकापाठोपाठ शून्य करतो.

अँटेनावाला: एक घोळ तिथे आहे. यूएसबीवरून कमांड कधी पोचेल याचा नेम नाही. टाइम सोर्स एक्स्टर्नल करा. एक पल्स येऊन जाऊ द्या, मग लगेच दोघांना 'पुढच्या पीपीएसला शून्य' सांगा. स्ट्रीमही पुढची वेळ देऊनच सुरू करा.

डोंगलप्रेमी: मी आरटीएल डोंगलचा (स्वस्त यूएसबी एसडीआरचा) २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून दुसऱ्या डोंगलवरून तार ओढली होती. तेही करून बघा.

अँटेनावाला: त्यांच्या युनिटला बाहेरच्या क्लॉकची सोय आहे हो, सोल्डरिंग कशाला?

तरंगवेडा: दोन्हीकडचे सॅम्पल (मोजलेले नमुने) वेळेत जुळले. फेज अजून उडतेय.

अँटेनावाला: उडणारच. प्रत्येक युनिटचा लोकल ऑसिलेटर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी खाली आणायला लागणारी लहर तयार करणारा भाग) वेगळा आहे. रेफरन्समुळे फ्रिक्वेन्सी एक होते, पण लॉक कुठल्या फेजला बसेल याची हमी नाही. अँटेना किती? दोनच असतील तर एकाच बी२१०चे दोन चॅनल वापरा, त्यांचा ऑसिलेटर एकच असतो.

तरंगवेडा: चार. सांगायचं राहिलं.

अँटेनावाला: मग चारही इनपुटना स्प्लिटरमधून एकच टोन (एकाच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) द्या, केबल सारख्या लांबीच्या घ्या, मीटरभर फरकाने ५ नॅनोसेकंद जातात. फरक मोजा, वजा करा, नंतर पुन्हा ट्यून करू नका. चॅनलमधले फरक एकदा नोंदवून ठेवलेत की दर वेळी युनिटमधला एकच आकडा मोजायचा उरतो.

तरंगवेडा: दहा वेळा बंद-चालू केलं. टोनवर दर वेळी आकडा वेगळा, पण वजा केल्यावर दिशा तीच! आता दर वेळी टोनची केबल काढून अँटेनाची हातानेच लावायची का?

अँटेनावाला: नको, आरएफ स्विच (रेडिओ सिग्नलची वाट बदलणारा स्विच) लावा.