मदत हवी आहे : मलेशियातला 'गांदारुसा' म्हणजे आपला अडुळसाच का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सध्या शाह आलमला राहतो, क्वालालंपूरच्या शेजारी. पलीकडच्या माकचिकनी (इथे वयस्कर बायकांना असंच हाक मारतात) फाटकाशी लावायला एका झुडपाच्या फांद्या दिल्या. नाव सांगितलं गांदारुसा. फांदी मातीत खोचली की जगते, आता कमरेएवढी झालीत. खोड काळपट जांभळं, पेरं फुगीर, पानं लांब नि अरुंद, मधली शीर जांभळट. शेंड्याला तुरा येतो, त्यात छोटी पांढरी फुलं, आत जांभळे ठिपके.

माकचिकचा या झाडावर भारी विश्वास. ऊन असताना पाऊस आला, म्हणजे आपल्याकडे कोल्ह्याचं लग्न लागतं तेव्हा, त्या नातवंडांना बाहेर सोडत नाहीत. त्या वेळी हान्तू, म्हणजे भुतंखेतं, फिरतात म्हणे. जायचंच असेल तर गांदारुसाची डहाळी कमरेला खोचायची. मला वाटलं ही त्यांच्याच घरची समजूत, पण स्कीट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९०० साली मलय मंत्रतंत्रावर पुस्तक छापलं, त्यात हेच आहे! शिवाय 'तपुंग तावार'च्या विधीत तांदळाचं पीठ पाण्यात कालवून पानांच्या जुडीने शिंपडतात: नवरानवरीवर, नव्या घरावर, होडीवर, बियाण्याच्या भातावर. त्या जुडीतही गांदारुसा असतो.

माझा घोटा मुरगळला तेव्हा माकचिकनी पानं कुटली, तव्यावर गरम केली आणि फडक्याने बांधली. वास उग्र. दुसऱ्या दिवशी सूज उतरली. पानांनी की पाय वर ठेवून बसल्याने, देव जाणे.

आता खरा प्रश्न. आईने चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर झाड पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा तर अडुळसा! पोरीला खोकला आहे ना, पानं वाफवून रस काढ, मधातून दे." लेक पाच वर्षांची आहे. माकचिक म्हणतात, लेप लावा, पोटात नको. कुणाचं ऐकू?

रानवाटा :
ताई, रस अजिबात देऊ नका. वर्णनावरून हा काळा अडुळसा, जस्टिसिया जेंडारुसा. खोकल्याचा अडुळसा म्हणजे जस्टिसिया अधाटोडा. भाऊबंद आहेत, पण झाडं वेगळी. खऱ्या अडुळशाचं पान चांगलं रुंद असतं, खोडाला जांभळी झाक नसते, फुलं मोठी आणि जबडा वासल्यासारखी. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्झीन त्यावरूनच बनवलं गेलं. काळा अडुळसा मुख्यतः वातावरचा: सांधे, मुका मार, सूज, बहुतेक वेळा लेप किंवा शेक. पोटात जास्त गेला तर वांत्या होतात.

गंमत म्हणजे इंडोनेशियात, पापुआकडे, पुरुष हाच पाला गर्भनिरोधक म्हणून घेत आले आहेत. सुराबायाच्या एअरलांगा विद्यापीठात त्यावरून पुरुषांसाठी गोळी करण्याचं संशोधन झालं. असा पाला पाच वर्षांच्या पोरीला खोकल्यावर द्यायचा?

घाटमाथा :
वरच्याला +१. आमच्या आजोळी हा कुंपणाला लावतात, गुरं तोंड लावत नाहीत. आई व्हिडिओवर फसल्या असतील, त्या कॅमेऱ्यात रंग कुठे धड दिसतो! खोकला आठवड्यापेक्षा जुना असेल किंवा धाप लागत असेल तर सरळ डॉक्टर गाठा.

धागाकर्ती :
धन्यवाद दोघांनाही. आईला प्रतिसाद वाचून दाखवला. "मग खरा अडुळसा शोध," एवढंच म्हणाली. उद्या सकाळी लेकीला डॉक्टरांकडे नेते. घोट्यापुरता माकचिकचा लेप चालू ठेवते, त्याने त्रास तर काही नाही. क्लांग, शाह आलम भागात कुणाच्या अंगणात रुंद पानांचा अडुळसा असेल तर कळवा, फांदी न्यायला मी येईन.