सातपुड्यात ट्रेकला पाणी शुद्ध करायला काय न्यावं?

भटक्या_धुळे: दिवाळीनंतर तोरणमाळ बाजूला दोन मुक्कामाचा ट्रेक ठरतोय, सगळं पाणी पाठीवर नेणं शक्य नाही, नाल्याचं प्यावं लागेल. फिल्टर घेऊ का क्लोरीनच्या गोळ्या पुरतील? बजेट कमी आहे.

सातपुडा_पायी: भाऊ, दोन्ही ने. 0.1 मायक्रॉनच्या बारीक छिद्रांचा, पिशवी पिळून पाणी गाळायचा फिल्टर बॅक्टेरिया अन् जिआर्डिया (जुलाब करणारा परजीवी) अडवतो पण व्हायरस त्यातून निसटतात, आणि आपल्याकडे नाल्यावर गुरं, माणसं सगळीच येतात, म्हणून आधी फिल्टर मग गोळी अन् निदान 30 मिनिटं थांबायचं, पाणी गार असेल तर जास्त. नुसत्या गोळीवर राहू नको, क्रिप्टोस्पोरिडियम (तसाच दुसरा परजीवी) क्लोरीनला दाद देत नाही. गढूळ पाणी आधी रुमालाने गाळ, नाहीतर फिल्टर तुंबतो.

केळीवाला_रावेर: एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. कापूस, केळीच्या शेतांखालून येणारं पाणी घेऊच नका. फवारणीचं औषध उकळून जात नाही, गोळीने जात नाही, साध्या फिल्टरनेही नाही. भरायचं ते शेतांच्या वर, नाहीतर गावातल्या हापशावर.

भटक्या_धुळे: हे डोक्यातच नव्हतं दादा. उकळलं तर?

सातपुडा_पायी: उकळणं सगळ्यात पक्कं, जंतू कुठलाही असो. खळखळ उकळी 1 मिनिट पुरते. पण गॅस लागतो, अन् जंगलात चूल पेटवू नका, त्या दिवसांत गवत वाळायला लागलेलं असतं.