एअर रायफलचा सराव कुठे करावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाचा गणपतीला देवगडला येतोय, सोबत .177 इंची छर्‍याची एअर रायफल. 10 मीटरचा सराव त्याला रोज लागतो. निशाण्याच्या कागदावरचा मधला ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! गेल्या वेळी त्याने कागद जांभ्याच्या गडग्याला लावला. छर्रा उलटून माझ्या कानाजवळून गेला, पायरीखालची मांजर अजून तिकडे फिरकत नाही.

आता म्हणतो, मागच्या वनखात्याच्या रानात जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे हे ठाऊक आहे, पण नुसती नेमबाजी? शेजारचे काका म्हणतात, रायफल घेऊन रानात दिसलास तरी चौकशी होणार. ते मला पटतंय. परवानगी कुणाकडे मागायची? की अंगणातच सोय करू? छर्रे अडवायला मागे काय लावता?