शब्दचर्चा: रिप्रेसर, इंड्यूसर आणि जिवाणूंची नियामक प्रथिनं

गोदाकाठ: परभणी-हिंगोलीकडच्या सोयाबीनवाल्यांसाठी रायझोबियमचं (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) माहितीपत्रक आहे. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरला (डीएनएवर बसून जनुक चालू-बंद करणारं प्रथिन) 'प्रतिलेखन घटक' चालेल का? रिप्रेसरला, म्हणजे जनुक अडवणाऱ्या प्रथिनाला, 'दमनकारी' की 'निरोधक'?

तुराटी: 'घटक' नको, खताच्या पोत्यावरची यादी वाटते. 'नियामक प्रथिन' लिहा. 'दमनकारी' म्हटलं की लाठीमार आठवतो, त्यापेक्षा 'निरोधक' बरा. ई. कोलाय या जिवाणूचा लॅक ओपेरॉन (लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांचा एकत्र चालणारा गट) घ्या, जेकब आणि मोनो यांनी १९६१ साली मांडलेला. चार साखळ्यांचं निरोधक प्रथिन ऑपरेटर नावाच्या डीएनएच्या तुकड्यावर बसतं, जनुक वाचणारं पॉलिमरेज अडतं. लॅक्टोज पेशीत शिरलं की त्यातलं थोडं अ‍ॅलोलॅक्टोज होतं. ते या प्रथिनाला चिकटलं की आकार बदलून डीएनएवरची पकड ढिली पडते. हे अ‍ॅलोलॅक्टोज म्हणजे 'प्रेरक' (इंड्यूसर).

प्लाझ्मिड: पण पकड सुटली म्हणजे जनुक जोरात चाललं असं नाही. लॅकचा प्रोमोटर (पॉलिमरेज जिथं बसतं ती डीएनएवरची जागा) मुळात कमजोर. सायक्लिक एएमपीसोबत (ग्लुकोज कमी असताना वाढणारा छोटा रेणू) कॅप हे चालना देणारं प्रथिन शेजारी बसावं लागतं. म्हणून माध्यमात ग्लुकोज राहिलं तर १ मिलिमोलर आयपीटीजी (प्रयोगशाळेत वापरतात तो कृत्रिम प्रेरक) टाकूनही प्रथिन हवं तेवढं बनत नाही. मग आयपीटीजीच्या बाटलीला नावं ठेवतात!

गोदाकाठ: सोयाबीनमध्ये पण निरोधकच का, सर?

तुराटी: नाही, तिथं उलटं. जिवाणूतलं नॉड-डी हे सक्रियक, म्हणजे जनुक चालू करणारं प्रथिन. ते नॉड जनुकांच्या (गाठींची तयारी करणारी जनुकं) आधीच्या 'नॉड बॉक्स' या डीएनएच्या तुकड्यावर आधीपासूनच बसलेलं असतं. सोयाबीनच्या मुळातून जेनिस्टीन, डेडझीन ही द्रव्यं पाझरली की ते कामाला लागतं आणि गाठींची तयारी सुरू होते. तिथंही पाझरणाऱ्या द्रव्याला 'प्रेरक'च म्हणायचं. म्हणजे प्रेरक लॅकमध्ये अडसर काढतो आणि नॉडमध्ये सक्रियकाला जागं करतो. पत्रकात हे वाक्य घालाच, नाहीतर वाचणारा प्रेरक स्वतःच डीएनएवर बसतो असं समजतो.

प्लाझ्मिड: आणि 'निरोधक' ही प्रथिनाची कायमची जात समजू नका. ई. कोलायचंच अ‍ॅरा-सी हे प्रथिन अ‍ॅरॅबिनोज ही साखर नसताना डीएनएचा फास करून अडवतं, अ‍ॅरॅबिनोज मिळालं की तेच चालना देतं. शंका असेल तिथं सरळ 'नियामक'.

गोदाकाठ: तुरीच्या जिवाणूचं पाकीट सोयाबीनला कामून चालत नाही, तेही यातूनच का?

तुराटी: एक कारण हेच. लसूणघासाच्या जिवाणूचं नॉड-डी त्याच्या मुळातलं ल्युटिओलिन ओळखतं, सोयाबीनच्या जिवाणूचं जेनिस्टीन. पुढे गाठीचा संदेश देणारा रेणूही पिकाला जुळावा लागतो. शिवाय पत्रकात क्रम ठळक द्या: बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. जिवाणूच मेले तर प्रेरक जागं करणार कोणाला?

गोदाकाठ: मग 'मुळातला रस' लिहू की 'मुळातून पाझरणारा प्रेरक'?

तुराटी: दुसरं. 'रस' लिहिलंत तर कोणीतरी मुळं वाटून टाकील.