कादंबरीतला महाकाय स्क्विड आणि प्रत्यक्षातला

प्रश्न : वाचनवेडी

ज्यूल व्हर्न यांच्या १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या पाणबुडीच्या कादंबरीत महाकाय स्क्विडांची (माकूलसारख्या, लांब बाहूंच्या समुद्री प्राण्यांची) टोळी नॉटिलस या पाणबुडीवर चालून येते आणि एका खलाशाला उचलून नेते. व्हर्न आपल्या काळातले विज्ञान जाणणारे लेखक होते, म्हणून विचारते : या वर्णनात तथ्य किती आणि कल्पना किती? केवळ आकार फुगवला आहे, की प्राण्याचा स्वभावही बदलला आहे?

उत्तर : खारा वारा

आकाराबाबत उत्तर अनपेक्षित आहे. व्हर्न यांच्या स्क्विडची लांबी आठ मीटर आहे, आणि प्रत्यक्षातली पूर्ण वाढलेली मादी बारा-तेरा मीटरपर्यंत भरते. म्हणजे लांबीत त्यांनी हात आखडताच घेतला. वजन मात्र ते वीस ते पंचवीस हजार किलो सांगतात, तर खऱ्या मादीचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास थांबते. या प्राण्याच्या लांबीतला मोठा वाटा भक्ष्य पकडण्याच्या दोन बारीक, ताणल्या जाणाऱ्या संस्पर्शकांचा असतो आणि मुख्य धड जेमतेम दोन-सव्वादोन मीटरचे असते. गंमत अशी की नेमके हे दोन संस्पर्शकच व्हर्न विसरले; त्यांच्या स्क्विडला आठच बाहू आहेत.

उत्तर : दीपस्तंभ

माझ्या मते खरा फरक स्वभावाचा आहे. व्हर्न यांनी ज्या घटनेचा आधार घेतला आणि जिचा कादंबरीत उल्लेखही केला, ती ३० नोव्हेंबर १८६१ रोजी टेनेरिफ बेटाजवळ घडली. आलेक्तों या फ्रेंच जहाजाला पृष्ठभागावर एक स्क्विड दिसला. खलाशांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या, भाले फेकले आणि दोराचा फास टाकून त्याला वर ओढू पाहिले, तेव्हा त्याचे शरीर तुटून शेपटाकडचा तुकडा तेवढा हाती लागला. हल्ला जहाजाने केला होता, स्क्विडने नव्हे. कादंबरीत भूमिका उलटल्या, आणि पुढच्या कितीतरी चित्रांनी व चित्रपटांनी तोच उलटा प्रसंग गिरवला.

शिवाय हा शेकडो मीटर खोलीवरचा प्राणी आहे. त्याच्या स्नायूंत अमोनियम क्लोराइड साठलेले असते. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याला फारसे कष्ट न घेता पाण्यात तरंगत राहता येते. पृष्ठभागावर जे सापडतात ते बहुधा मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले असतात. (आपल्या बाजारातल्या माकूलचा हा नातेवाईक असला तरी त्याच अमोनियममुळे तो खाण्याजोगा नाही.)

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : वाचनवेडी

मग तो नुसता तरंगणारा, सुस्त प्राणी आहे असे समजायचे का?

उत्तर : खारा वारा

अनेक अभ्यासकांचाही तसाच समज होता. त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी या जपानी संशोधकांनी २००४ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ, ९०० मीटर खोलीवर आमिषासह कॅमेरा सोडला, तेव्हा स्क्विडने समोरून झेप घेऊन आमिषावर हल्ला केला. त्याचा संस्पर्शक गळात अडकला आणि चार तासांहून अधिक झटापटीनंतर तो तुकडा तिथेच सोडून स्क्विड निघून गेला. म्हणजे शिकारी वृत्तीबाबत कादंबरीकार काही अभ्यासकांपेक्षा सत्याच्या जवळ होते. फक्त भक्ष्य जहाज नसून मासे आणि इतर स्क्विड असतात. सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी २०१२ मध्ये वापरलेले आमिषही बोलके आहे : हल्ला झाल्यावर जेलीफिश जसा प्रकाश फेकते, तसा प्रकाश देणारे उपकरण. त्यासोबत त्यांनी स्क्विडला सहसा न दिसणारा तांबडा प्रकाश वापरला, आणि प्राणी कॅमेऱ्यापर्यंत आला.

उत्तर : दीपस्तंभ

एक पुरवणी. स्पर्म व्हेलशी बरोबरीची झुंज देणारा स्क्विड हेही चित्रांतले लाडके दृश्य आहे. स्क्विडच्या चूषकांच्या (चिकटून धरणाऱ्या वाट्यांच्या) दातेरी कडांचे गोल व्रण व्हेलच्या कातडीवर खरोखर सापडतात, पण ते भक्ष्याच्या सुटकेच्या धडपडीचे असतात. स्क्विडच्या चोची व्हेलच्या पोटात सापडतात. व्हेलच्या वाढीबरोबर तिचे जुने व्रणही रुंदावतात, त्यामुळे व्रणांवरून राक्षसी स्क्विडांचे माप काढणे धोक्याचे आहे. त्याचा सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाचा डोळासुद्धा, २०१२ मधल्या एका संशोधनानुसार, येणाऱ्या व्हेलच्या धक्क्याने पाण्यातले सूक्ष्मजीव चमकतात तो अंधुक उजेड दुरून टिपण्यासाठी विकसित झालेला असावा.